मशिदीखालचा तलाव

मुंबईच्या जामा मशिदीचे साल दोन शब्दांत लिहून ठेवलेले आहे : जहाज-ए-आखिरत. परलोकीचे जहाज. हे शब्द कोणाला सहज सुचले म्हणून आलेले नाहीत. फारसी-उर्दूत जुना रिवाज असा, की एखादी इमारत पुरी झाली, एखादा बुजुर्ग वारला, की त्या घटनेचे साल एखाद्या अर्थपूर्ण शब्दात बसवायचे. याला तारीख काढणे म्हणतात. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक आहे. अक्षरांचे अंक मिळवले की साल निघते.

करून पाहा. 'जहाज'मध्ये जीम, हे, अलिफ, ज़े : ३, ५, १ आणि ७, म्हणजे १६. 'आखिरत'मध्ये अलिफ, खे, रे, ते : १, ६००, २०० आणि ४००, म्हणजे १२०१. मधला 'ए' उच्चारात आहे, लिहिण्यात नाही, म्हणून त्याला अंक नाही. एकूण १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी सन १८०२. मी वर्गात मुलांकडून ही बेरीज करून घेतो, त्या दिवशी गणिताचे शिक्षक माझ्यावर खूश असतात.

पण साल बसवायला शब्द शेकडो मिळाले असते. जहाजच का? कारण ही मशीद पाण्यावर उभी आहे. हे लाक्षणिक अर्थाने नव्हे. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने शेख मेमन स्ट्रीटने गेलात आणि पूर्वेच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलात, तर चौकापलीकडे तलाव दिसतो. त्याला उतरायला दगडी पायऱ्या आहेत. पाण्यात मासे फिरतात. आणि त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर येतात, ज्यांनी मशिदीचे ओझे पेलले आहे.

या तलावाची हकीकत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्ये थोडक्यात दिली आहे. ज्या जागेवर मशीद उभी राहिली ती अठराव्या शतकात बागायत आणि मोकळी जमीन होती. तिच्यात जुना तलाव होता. जमीन एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीची, ज्याचा व्यापार गोवा आणि कालिकतपर्यंत चाले. मशिदीसाठी जागा द्यायला तो राजी झाला, पण एका अटीवर. तलावाला धक्का लागता कामा नये.

लोकांपुढे दोन मार्ग होते. दुसरी जागा शोधायची, किंवा अट पाळायची. त्यांनी अट पाळली आणि तलावावरच एक मजली इमारत बांधली. तोच आजच्या मशिदीचा गाभा. पुढे मोहम्मद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्याच्या पैशातून इमारत वाढली. पाण्यातल्या सोळा दगडी कमानी १८७४ सालच्या, तलावाचे बांधीव काठ आणि पायऱ्या १८९३ च्या. गॅझेटियर लिहिणाऱ्याने तलावात सुमारे दहा फूट पाणी असल्याचे, ते तळाच्या झऱ्यांतून येत असल्याचे आणि त्यात मासे व काही कासवे असल्याचे नोंदवले आहे.

मला या सगळ्यात त्या व्यापाऱ्याची अट सर्वांत मोलाची वाटते. सवाब मिळवायला जमीन देणारे पुष्कळ असतात. जमीन देताना तिच्यातल्या पाण्याचा हक्क राखून ठेवणारा विरळा. त्याने पर्यावरण हा शब्द ऐकला नव्हता. पण जहाजांवर आयुष्य काढलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही. बंदर सोडताना पिंपात किती पाणी आहे, यावर खलाशांचे प्राण अवलंबून असत.

हल्ली 'देशी ज्ञान', 'पारंपरिक पर्यावरण ज्ञान' अशा शब्दांवर परिसंवाद होतात. उदाहरणे बहुतेक दूरच्या जंगलातली असतात. ते चूक नाही. पण गिरगाव-काळबादेवी-भेंडी बाजार हा पट्टा, जिथे आज मातीचा ढेकूळ दिसणे कठीण, तिथेही असे ज्ञान होते आणि ते मुख्यतः पाण्याचे होते, हे आपण विसरून गेलो आहोत. विसरलो तरी पत्ता रोज तोंडाने सांगतो. खेतवाडी, फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट. कोकणात भाट म्हणजे लागवडीची जमीन. उमरखाडी म्हणजे तिथवर खाडी होती. पायधुणी म्हणजे चिखलपाणी तुडवून आलेला माणूस जिथे पाय धुई ती जागा. भेंडी बाजाराच्या नावाबद्दल दोन कथा आहेत. कोणी म्हणते इंग्रजांच्या 'बिहाइंड द बाजार'चा अपभ्रंश, कोणी म्हणते भेंडीच्या झाडांवरून. मी झाडाच्या बाजूचा आहे. मराठी माणसाला भेंडीचे झाड ठाऊक होते, इंग्रजी शब्दयोगी अव्यय नव्हते.

आणि तलाव मोजा. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, दो टाकी, नवाब टँक, बाबुला टँक, खारा टँक. बसच्या पाटीवर, टपालाच्या पत्त्यावर, दुकानाच्या बोर्डावर हे सगळे तलाव अजून आहेत. पाणी मात्र नाही. गवालिया टँक म्हणजे गवळी जिथे गुरे धूत-पाजत ती जागा. तलाव बुजवून मैदान झाले आणि त्याच मैदानात ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव झाला. धोबी तलावाला १८३१ साली फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी सेठचे नाव मिळाले, कारण त्याच्या बांधणीचा मोठा खर्च त्यांनी केला होता. गिरगावातल्या मुगभाटात आपल्या जागेत विहिरी खोदून तिथले पाणी त्यांनी नळाने शहराकडे आणले. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, तेही पारशी. मुंबादेवीजवळही तलाव होता. क्रॉस मैदानाच्या कडेला भिका बेहराम यांनी १७२५ साली खोदलेली विहीर आजही आहे, आणि समुद्र इतक्या जवळ असून तिचे पाणी गोडे आहे.

हा गोडेपणा चमत्कार मानला जातो. मानावा, पण त्यामागचे कारणही समजून घ्यावे. पावसाचे पाणी वाळूतून, मुरुमातून खाली जाते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते जमिनीखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय राहावी तसे. भूजलशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. ऐकायला छान वाटते. पण हिशेब उलटाही चालतो. वरून एक हात पाणी जास्त उपसले, की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर चढू लागते. म्हणून समुद्राकाठची विहीर हळूहळू, थोडी थोडी उपसावी लागते आणि मध्ये तिला विसावा द्यावा लागतो. पोहऱ्याने पाणी काढणारा माणूस हे आपोआप करत होता, कारण त्याचे हात दुखत. पंपाचे हात दुखत नाहीत.

(पोहरा म्हणजे काय, हे मी गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला विचारले. एकाने उत्तर दिले, 'सर, पहारा देणारा.' बाकीच्यांना तेही सुचले नाही.)

कोणत्या विहिरीचे पाणी गोडे, कोणत्याचे मचूळ, कोणते डाळ शिजायला चालते आणि कोणते फक्त कपडे-भांड्याला, याची पक्की माहिती ज्यांच्याकडे होती ती माणसे म्हणजे भिस्ती आणि पखाली. डोंगरीत भिस्ती मोहल्ला आहे. चामड्याची मशक पाठीवर घेऊन ही माणसे घरोघर पाणी घालत. शहराची पाण्याची प्रयोगशाळा त्यांच्या जिभेवर होती. खारा टँक हे नाव कोणा साहेबाने नकाशावर घातले नसावे. पाणी तोंडात घेऊन थुंकणाऱ्यानेच ते ठेवले असणार.

फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र शिकलेल्याला इथे एक गोष्ट आठवेल. पाणी पाक की नापाक, हे ठरवताना आलिमांनी तीन खुणा सांगितल्या : रंग, वास, चव. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या पंथात पाणी 'कुल्लतैन' म्हणजे दोन मोठ्या रांजणांइतके किंवा जास्त असेल, तर त्यात काही पडले तरी रंग-वास-चव बदलेपर्यंत ते नापाक होत नाही. हनफी पंथात साठलेल्या पाण्याचा हौज दहा हात बाय दहा हात असेल, तर तो वाहत्या पाण्यासारखा धरतात. आपल्याकडे या नियमांवर घोळ घालून वाद करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात वेगळेच काही दिसते. रखरखीत मुलखातल्या आणि तलावांच्या मुलखातल्या माणसांनी साठलेल्या पाण्याचा आकार, खोली आणि त्याची स्वतःला शुद्ध ठेवण्याची ताकद यांचा केलेला हा विचार आहे. साठलेल्या पाण्यात लघवी करू नये, अशी पैगंबरांची ताकीद हदीसच्या संग्रहांत आहे. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, अशी शिकवणही आहे. स्वतः पैगंबर एका 'मुद्द' पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे मध्यम माणसाच्या दोन हातांची एक भरलेली ओंजळ, पाऊण लिटरच्या आतबाहेर.

माझ्या नानीचा वुजू एका लोट्यात होई. तोंड, हात, पाय, सगळे त्यात, आणि शेवटचे दोन घोट दाराशी लावलेल्या तुळशीजातीच्या रैहानला. आता मशिदीत नळांची रांग असते. नळ उघडा, हात कोपरापर्यंत धुवा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोला, नळ चालूच. हौजावर बसून वुजू करताना हे शक्य नव्हते. हौजातून ओंजळीने पाणी घ्यावे लागे, आणि समोर पाण्याची पातळी दिसत असे. एप्रिल-मे महिन्यात ती एक पायरी खाली गेली, की न सांगता प्रत्येक नमाज्याचा हात आखडे. नळाला पातळी नसते. तो बंद पडेपर्यंत भरपूरच असतो.

मासे आणि कासवे तलावात का ठेवत, यावर आपल्याकडे श्रद्धेचे उत्तर तयार असते. पण महाराष्ट्रात गावोगावी विहिरीत कासव सोडण्याची रीत आहे, हिंदूंतही आणि मुसलमानांतही. कासव शेवाळ आणि कुजलेले खाते. मासे डासांच्या अळ्या खातात. हा दुसरा मुद्दा मुंबईच्या इतिहासात फार मोठा ठरला.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. नळ आले तशा विहिरी दुर्लक्षित झाल्या. उपसा नाही म्हणून पाणी साठलेले, साफसफाई नाही म्हणून कचरा साठलेला. त्याच काळात शहरात हिवताप वाढला. सरकारने डॉ. चार्ल्स बेंटली यांना तपासाला बसवले आणि १९११ साली त्यांचा अहवाल आला. त्यांना आढळले, की हिवताप पसरवणाऱ्या डासाची मुंबईतली जात विहिरींत आणि टाक्यांत वाढते. मग विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम सुरू झाली.

इथे सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : गोरा साहेब आला आणि त्याने आपले ज्ञान बुजवले. तसे म्हणणे अन्याय होईल. बेंटलींचा डास खोटा नव्हता. माणसे खरोखर मरत होती. ज्यांच्या घरात तापाने मूल गेले त्यांना विहिरीचे पावित्र्य सांगून उपयोग नव्हता. पण विहिरीवरून जो झगडा झाला तोही वाचण्यासारखा आहे. पारशी म्हणाले, आमच्या विधींना विहिरीचेच पाणी लागते. हिंदू म्हणाले, देवाच्या पूजेला नळाचे पाणी चालत नाही. मुसलमानांना वुजूच्या हौजांची काळजी. घरमालकांना विहिरीतल्या पिराचा किंवा देवतेचा कोप होईल अशी भीती. नळाच्या पाण्याविरुद्ध सगळ्या जमाती एकाच बाजूला उभ्या, असे मुंबईत क्वचितच घडले असेल. महापालिकेत काम केलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या सगळ्या समजुती गोळा करून १९१८ साली विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. पुढे १९२२ मध्ये ते मुंबईचे पहिले हिंदी आयुक्त झाले. विहिरींवर हुकूम चालवणाऱ्या कचेरीतल्या माणसाने विहिरींच्या गोष्टी जपून ठेवल्या, हे मला फार आवडते.

तडजोड म्हणून काही विहिरींना जाळी किंवा झडप लावून त्या राखल्या गेल्या. बाकीच्या गेल्या. आणि गंमत अशी, की डासांच्या अळ्या खायला पाण्यात मासे सोडण्याचा उपाय महापालिका आजही करते. गप्पी मासे वाटले जातात. जामा मशिदीच्या तलावातल्या माशांनी हे काम कोणाचा अहवाल न वाचता केले होते. म्हणजे प्रश्न विहीर ठेवायची की बुजवायची एवढाच नव्हता. वापरात असलेली, उपसली जाणारी, मासे असलेली विहीर आणि सोडून दिलेली विहीर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. सरकारी कागदावर दोघींचे नाव एकच होते, विहीर.

आता दुसरी बाजू. जुन्या पाण्याचे गोडवे गाताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ते पाणी कोणाला मिळत होते? दादरला पश्चिमेला एस. के. बोले रोड आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात. बोले म्हणजे सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले पुढारी, कामगारांत काम केलेले. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव झाला, पाणवठे उघडले नाहीत. म्हणून २० मार्च १९२७ ला परळच्या चाळीत राहून काम केलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. त्याच तळ्यावर इतर सगळे जात होते, मुसलमानही. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली तेव्हा मंडपाला जागा एका मुसलमानाने दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावे. पण आपल्या मोहल्ल्यातल्या विहिरीवर मेहतराला कोणी बोलावत होते का, हेही विचारावे. बिरादरीच्या पायऱ्या आपल्यातही होत्या, आहेत. महापालिकेच्या नळाने निदान एवढे केले, की तोटीला जात विचारता येत नाही. जुने ज्ञान परत आणायचे तर ते या गाळणीतून गाळूनच आणावे लागेल.

समुद्राच्या ज्ञानाचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण या बेटांवर ते सर्वांत जुने. कोळी बांधवांचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाण कधी, भांग कधी, हे तिथीवरून कळते, म्हणजे चंद्रावरून. आमच्या रमजान-ईदचा चंद्रही तोच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा जायचे, ही रीत मासळीच्या विणीला सवड देते. आज सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी घालते, ती याच रीतीची कायद्यातली सावली. फक्त नारळी पौर्णिमा त्यानंतर येते, आणि अनेक जुने मच्छीमार म्हणतात की पूर्वीची मुदतच बरोबर होती. कोळ्यांच्या तोंडी होडीचा मालक 'नाखवा' असतो. हा फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. खलाशी, बंदर, तुफान, मोसम हे शब्दही अरबी-फारसीतून किनाऱ्याला लागलेले. शब्द एकमेकांना दिले जातात तिथे ज्ञानही दिलेघेतलेले असते. किनाऱ्यावर ज्ञानाचे धर्मवार गाठोडे कोणी बांधले नव्हते.

मग आज या सगळ्याचे काय करायचे? आज मुंबईला सात धरण-तलावांचे पाणी येते. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरातून. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हे दर मे महिन्यात वर्तमानपत्रात येते आणि जूनमध्ये आपण विसरतो. आता गारगाई नदीवर आणखी एक धरण व्हायचे आहे. त्यात पालघरमधली गावे आणि जंगल जाणार. देशी ज्ञान शिकायला आपण वारली-कातकऱ्यांकडे जातो आणि पाणीही त्यांच्याकडूनच आणतो. पहिल्याबद्दल प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्याचे बिल येते, तेही स्वस्त.

दुसरीकडे दादर-परळच्या मधले हिंदमाता. बशीसारखा सखल भाग, दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दूरदर्शनवर ठरलेले दृश्य. २०२१ च्या सुमारास महापालिकेने उपाय केला : जवळच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस कोसळताना पाणी त्यांत साठवायचे, ओहोटी लागली की सोडून द्यायचे. इंजिनिअरांनी चांगले काम केले, त्यांची थट्टा करायची नाही. पण जरा थांबून पाहा. शे-दीडशे वर्षे आपण तलाव बुजवून मैदाने केली, आणि आता मैदाने खोदून तलाव करतो. फरक एवढाच, की नव्या तलावाचे पाणी कोणी पीत नाही, त्यात मासा नाही, आणि ते समुद्रात फेकण्यासाठीच साठवलेले असते.

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला. कारण भूजल काढायचे तर परवानगी लागेल, असा केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा नियम लागू होऊ लागला. चारच दिवस झाले तोवर शहराच्या तोंडाला फेस आला. पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा कळले, की टँकरमधले पाणी शहरातल्याच विहिरींतले आणि बोअरचे असते. म्हणजे जमिनीखालचे पाणी संपलेले नाही. ते विकले जाते. त्याची राखण करणारे मात्र कोणी नाही. व्यापाऱ्याची अट घालणारे तर नाहीच.

आमच्या भागात जुन्या चाळी पडत आहेत, टॉवर उठत आहेत. पुनर्विकास व्हायला हवा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांनी राहण्यात कसलीही थोर परंपरा नाही. पण चाळीच्या चौकात जी विहीर असते ती नकाशात 'अडथळा' म्हणून येते आणि पहिल्या आठवड्यात भरावाखाली जाते. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास चर्चा होते, विहिरीवर दोन मिनिटेही नाही. २००२ साली एक हजार चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती झाली. बिल्डर एक खड्डा दाखवतो, दाखला घेतो, मामला संपतो. बुजवलेली विहीरच उत्तम जिरवण-खड्डा झाली असती, हे कोणी विचारत नाही. तिचा तळ पिढ्यान्‌पिढ्या पाणी आत-बाहेर घेत आलेला असतो.

मशिदींच्या कमिट्यांना मात्र हे आजही करता येण्यासारखे आहे, आणि कोणाच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे थांबायचीही गरज नाही. वुजूत वापरलेले पाणी, ज्याला 'मुस्तामल' म्हणतात, त्याने पुन्हा वुजू होत नाही. पण ते घाण नसते. त्यात साबण नसतो, चरबी नसते. आज ते सांडपाण्याच्या गटारात जाते. वेगळी नळी टाकली, रेती-खडीचा एक थर मध्ये घातला, तर ते मशिदीच्या शौचालयाच्या टाकीला वापरता येते किंवा कुंड्या-झाडांना. वरच्या गच्चीचे पावसाचे पाणी जुन्या विहिरीत सोडता येते. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, ते पाणी बाहेर सोडायचे, मग नळी विहिरीकडे फिरवायची. कोकणात कौलावरचे पाणी भरणाऱ्या बायका हेच करतात. विहिरीला बारीक जाळी बसवायची, म्हणजे बेंटली साहेबांचीही तक्रार राहत नाही. आत पाच-पन्नास गप्पी मासे. ते महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात मागितले तर मिळतात.

खर्च मोजला तर नव्या झुंबरापेक्षा कमी येतो. अडचण एकच सांगतात, ती मी दोन-तीन ठिकाणी ऐकली : विहीर बांधकामाखाली गेली आहे, आता कुठे सापडायची? तर मशिदीत असरच्या नमाजाला येणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या कोणाही मियाँला विचारा. तो काठीने फरशीवर जागा दाखवील.